कारागीर ठेवताना सनद पाहावी की हात?

ए.सी.-फ्रिज दुरुस्तीचे दुकान असो, गॅरेज असो की फॅब्रिकेशनची शेड असो, नवा माणूस ठेवताना मालकापुढे हा प्रश्न येतोच. एकीकडे आय.टी.आय. किंवा डिप्लोमा झालेला तरुण, दुसरीकडे दहा वर्षे उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला कारागीर. आपल्या व्यापारी बांधवांपैकी बहुतेकांचा कल दुसऱ्याकडे असतो. "कागद का काम करणार आहे?" असे ते विचारतात. मोठ्या कंपन्यांत नेमके उलट. अर्जाला सनद जोडलेली नसेल तर हात पाहण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. आमच्या मते दोघेही अर्धीच तपासणी करतात. ए.सी.चाच धंदा घेऊन हे पाहू, कारण गेल्या काही वर्षांत तो मुळापासून बदलला आहे.

पूर्वी जवळजवळ प्रत्येक ए.सी.त आर-२२ हा गॅस असे. ओझोनच्या थराला तो मारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येत आहे. त्याच्या जागी आर-४१०ए, आर-३२ आणि आर-२९० आले. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि आर-२९० म्हणजे तर शुद्ध प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊच. जुन्या मिस्त्रीची सवय अशी की, व्हॅक्यूम पंप लावण्याऐवजी थोडा गॅस सोडून पाइपातील हवा बाहेर काढायची आणि लगेच ब्रेझिंगची टॉर्च पेटवायची. आर-२२ मध्ये ही सवय खपून गेली. आर-२९० मध्ये हीच सवय कारागिराचा चेहरा भाजून काढील. वर्षांचा अनुभव इथे कामाला येत नाही, उलट आड येतो.

आता दुसरी बाजू. मशीन थंड करीत नाही आणि सक्शनचा दाब कमी दिसतो. पुस्तक वाचलेला नवा मुलगा म्हणतो, गॅस कमी आहे, भरून टाकू. मुरलेला कारागीर मशीन बंद करतो आणि गेजकडे पाहत बसतो. दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला फार वेळ लागला तर त्याला कळते की गॅस पुरेसा आहे, कॅपिलरी चोक झाली आहे. ही गोष्ट पुस्तकातही लिहिलेली असते, पण ती वेळेवर आठवायला शंभर मशीन हाताखालून जावी लागतात. चौथ्या मजल्यावर, भिंतीला चिकटलेल्या पाइपाचा सांधा न गळता जोडणे तर वर्गात शिकवून येतच नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, सनद आणि वर्षे दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून उमेदवाराला अर्धा दिवस काम द्यावे, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरीही द्यावी. तांब्याच्या नळीला फ्लेअर करायला सांगा, एक सांधा ब्रेझिंग करून घ्या, मुद्दाम कपॅसिटर काढून ठेवलेले मशीन पुढे ठेवा. तो आधी क्लॅम्प मीटर उचलतो की थेट गॅसच्या सिलिंडरकडे जातो, ते पाहा. शेवटी एकच प्रश्न विचारा: गळती तपासायला पाइपात काय भराल? उत्तर नायट्रोजन असे हवे. ऑक्सिजन म्हणाला, तर वीस वर्षांचा अनुभव असला तरी त्याला कामावर ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालील ऑक्सिजन मिळाला की स्फोट होतो. हाताची कचाई सहा महिन्यांत भरून निघते, ही सवय मात्र एखाद्याचा जीव घेऊन जाते.

वेल्डिंगच्या धंद्यात ही रीत जुनीच आहे. बॉयलरच्या उच्च दाबाच्या कामावर डिग्री कितीही मोठी असली तरी चालत नाही. वेल्डरला चाचणीचा तुकडा जोडून द्यावा लागतो आणि तो तपासला जातो. ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप, ज्याला ६-जी म्हणतात, तो ज्याला साधला त्याला कोणी शाळेचे नाव विचारीत नाही.

मग सनद निरुपयोगी का? मालकासाठी कदाचित थोडीफार. कारागिरासाठी अजिबात नाही. इथेच आपल्या बिरादरीचे खरे नुकसान होते. भिवंडी-मालेगावचा जॉबर, कुर्ल्याचा गॅरेज मिस्त्री, मिरजेचा टर्नर, यांच्या हातातले हुनर त्यांच्या गल्लीबाहेर कोणाला दिसत नाही. दहावी नसेल तर पासपोर्टवर इ.सी.आर.चा शिक्का येतो आणि आखाती देशांत नोकरीला जाताना परवानगीची जादा पायरी चढावी लागते. सौदी अरेबियाने तर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, ए.सी. तंत्रज्ञ अशा कामांसाठी भारतातच कौशल्य पडताळणीची परीक्षा सुरू केली आहे. "उस्तादांना विचारा" हे उत्तर तिथे चालत नाही.

वाटा आहेत. आय.टी.आय.चा वेल्डर अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्याला आठवी पास चालतो. ए.सी.-फ्रिजचा दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. अनुभवी कारागिराला ठराविक वर्षांच्या कामानंतर खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड परीक्षेला बसता येते, जवळच्या आय.टी.आय.त चौकशी करावी. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार माणसांच्या लहान कारखान्यालाही आपखुशीने शिकाऊ ठेवता येतो, आणि २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. याचा फायदा आपले दुकानदार फारच कमी घेतात. चौदा वर्षांखालील पोराला "छोटू" म्हणून ठेवणे मात्र गुन्हा आहे. त्याला शिकवण म्हणू नये.

काही मालक म्हणतील, कागद मिळाला की मुलगा निघून जाईल. काही जातीलही. पण कागद अडवून ठेवलेला कारागीर मन लावून काम करतो असे आम्ही कुठे पाहिलेले नाही. तो शेजारच्या गाळ्यात निघून जातो, तोही आपले ग्राहक घेऊन.

अनुभवाचा दाखला देताना "मुलगा चांगला व प्रामाणिक आहे" एवढेच लिहून भागत नाही. दुकानाच्या छापील कागदावर, कामाला लागल्याची व सोडल्याची तारीख, कोणत्या प्रकारची मशीन हाताळली, कोणते काम एकट्याने केले, हे लिहून खाली सही-शिक्का द्यावा. पगार रोखीने न देता बँकेतून द्यावा, म्हणजे पासबुकातील नोंदी दाखल्याला आपोआप जोड देतात.