आजीचा अंगठा

पालकहो,

मागच्या पालकसभेत एका आजोबांनी उभं राहून विचारलं, "म्याडम, पोराले चोऱ्या-खुनाच्या गोष्टी काऊन शिकवता? गणित तं येऊ द्या आधी त्याले." सगळे हसले, मीही हसले. मग चहा आला आणि विषय गणवेशावर गेला. माझं उत्तर राहिलंच. ते आज लिहिते.

आधी वर्गात नेमकं काय चालतं ते सांगते, कारण मुलं घरी येऊन भलतंच तिखटमीठ लावतात हे मला ठाऊक आहे. विषयाचं नाव फॉरेन्सिक सायन्स, सरकारी मराठीत न्यायसहायक विज्ञान. आमच्या पहिल्या गुन्ह्यात कोणी मेलं नाही, डब्यातला एक मुरमुऱ्याचा लाडू गेला. मुलांनी शिसपेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून भुकटी केली, मऊ ब्रशने ती स्टीलच्या झाकणावर भुरभुरली, वर चिकटपट्टी दाबून अलगद उचलली आणि कोऱ्या कागदावर चिकटवली. रेषा उठल्यावर वर्ग जो गप्प झाला, तसा तो माझ्या 'शांत बसा'ने कधी झालेला नाही. मग सगळ्यांनी आपापली बोटं तपासली. शंख आणि चक्र तुम्हाला ज्योतिषामुळे माहीत आहेत. इथं तेच पाहायचं, फक्त भविष्य सांगायचं नाही. बहुतेकांच्या बोटांवर शंखासारखे वेढे असतात, त्याखालोखाल चक्रं, आणि साधी कमान शंभरात जेमतेम पाच बोटांवर.

एका मुलीने त्या दिवशी घरी जाऊन आजीचा अंगठा घेतला. कागदावर नुसता काळा डाग. रेशनच्या दुकानातही आजीचा अंगठा मशीन घेत नाही, दोनदा-तीनदा पुसून दाबावा लागतो. भिंगातून पाहिलं तर रेषांच्या जागी आडव्यातिडव्या भेगा. निंदण, सोंगणी, तुराट्या, चूल यांनी घासून गेलेला अंगठा. मी सांगितलं की नक्षी कातडीच्या खालच्या थरात असते, हाताला काही आठवडे आराम मिळाला तर ती परत वर येते. मुलगी म्हणाली, "आराम कधी भेटते मॅडम आजीले?" पुढचा धडा मला त्या दिवशी घेता आला नाही.

ठशांचं हे शास्त्र परदेशातून तयार होऊन आलं असं मुलांना वाटतं, पण गुन्ह्यांसाठी बोटांचे ठसे ठेवणारं जगातलं पहिलं कार्यालय कोलकात्यात 1897 साली निघालं. ठशांची वर्गवारी लावण्याचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं, नाव मात्र त्यांच्या साहेबाचं झालं, एडवर्ड हेन्रीचं. त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनात पंचांगाच्या पुस्तिकेवर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा मिळाला. तो जुळला एका जुन्या नोकराशी. कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. पुस्तिकेला त्याचा हात लागला एवढंच ठसा सांगत होता, खून करताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. हा निकाल मी मुलांना दोनदा वाचून दाखवते. पुरावा जितकं बोलतो तितकंच ऐकायचं, हे मोठ्या माणसांनाही जड जातं.

मला गेलं होतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, सहलीचे गोळा केलेले 640 रुपये माझ्या टेबलावरून गेले. शिपाई म्हणाला, मंत्रलेले तांदूळ चघळायला द्या, चोराचं तोंड कोरडं पडतं. मी त्याला झापलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी! आणि पुढच्या मिनिटाला वर्गात एकाच मुलाचं दप्तर उलटं केलं. गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्या कुटुंबातला मुलगा. दप्तरात दोन वह्या, एक फुटकी पट्टी आणि चिंचोके निघाले. तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मी जाऊन पाहिलं तर पाल उठलेलं, चुलीचे तीन दगड तेवढे राहिलेले. पैसे कोणी घेतले ते आजपर्यंत कळलेलं नाही. मंत्रलेल्या तांदळाने निदान सगळ्या वर्गाची परीक्षा झाली असती. घाबरलेल्या निर्दोष पोराचंही तोंड कोरडंच पडतं ही गोष्ट वेगळी.

माझं बोट त्याच दप्तराकडे का गेलं, याचा विचार मी पुष्कळ केला. ती सवय जुनी आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्यात त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची सोय केली. म्हणजे जे शास्त्र एकेका बोटाला वेगळं ओळखतं, तेच सबंध वस्तीला एका दोरीत बांधायला वापरलं. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती मोकळ्या झाल्या. मानोरा-मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या आपल्या मुलांच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती' लिहिलेलं असतं, ती त्या मोकळीकीची नोंद. सवय मात्र गेली नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. मोबाइलवर आलेल्या एका अफवेपलीकडे कोणाच्याही हाती काही नव्हतं. त्या गर्दीतही कोणाचे तरी शाळा शिकलेले मुलगे असणारच.

तुमच्या पोराला मी काऊन शिकवते, याचं अर्धं उत्तर इथं झालं, आजोबा.

संशय आणि पुरावा यांतलं अंतर डीएनएच्या गोष्टीतही दिसतं. इंग्लंडातल्या लेस्टरजवळ दोन मुलींचे खून झाले, 1983 आणि 1986 साली. सतरा वर्षांच्या एका पोराने पोलिसांसमोर एका खुनाची कबुलीही देऊन टाकली. लेस्टर विद्यापीठातल्या अॅलेक जेफ्रीज यांची चाचणी तेव्हा नवीकोरी होती. तिने सांगितलं की दोन्ही गुन्ह्यांतला माणूस एकच आहे आणि तो हा पोरगा नव्हे. खरा गुन्हेगार नंतर सापडला. पण गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा आधी एक जण सुटला.

आपल्या मुलांना यातलं काहीच परकं वाटायला नको. दर जूनमध्ये तुम्ही घरचं सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता. सत्तर उगवले तर बियाणं पेरायचं, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं किंवा नाद सोडायचा. दाणे पोत्याच्या वरूनच घ्यायचे की खालूनही, हे तुम्हीच मुलांना सांगितलेलं असतं. प्रयोगशाळेत नमुना घेण्याचा नियम याहून फार वेगळा नाही. पंचनामा हा शब्दही तुमच्या घरात रुळलेला आहे. अतिवृष्टीनंतर आठ दिवसांनी पंचनाम्याला कोणी आलं की पाणी ओसरलेलं असतं आणि नुकसान कागदावर अर्धं होतं. गुन्ह्याच्या जागेचंही तसंच, पहिले काही तास गेले की गेले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करावेत असं म्हटलं आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. तोवर आपल्या जिल्ह्यातला मुद्देमाल सीलबंद होऊन अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो आणि आपण वर्तमानपत्रात 'व्हिसेरा राखून ठेवला' एवढंच वाचतो. टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकेतले डॉक्टर साळुंखे दोन मिनिटांत निकाल देतात, खऱ्या अहवालाला महिने लागतात. आणि त्याच मालिकेतल्या दयाने दरवाजा तोडला की कडीवरचे ठसे जातात, ही हरकत माझी नाही, आठवीतल्या एका पोराची आहे.

आता घरापुरतं थोडं. चोरी झाली तर आधी झाडून घेऊ नका. आपल्याकडे पोलीस येणार म्हणून घर आवरायची रीत आहे! अंगणात पावलांचे ठसे असतील आणि आभाळ आलं असेल तर त्यावर टोपलं पालथं घाला. मोबाइलवरून पैसे गेले तर लाजेने मेसेज पुसू नका, फोन फॉरमॅट मारू नका, लगेच 1930 ला फोन करा.

एक गोष्ट सभेत बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते. कुठल्या लेकराने येऊन कोणी अंगाला वाईट हात लावल्याचं, काही केल्याचं सांगितलं, तर आपला पहिला हात जातो त्याला आंघोळ घालण्याकडे आणि कपडे भिजवण्याकडे. आईचं काळीज आहे, समजतं मला. पण तसं करू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणाने ते खराब होतात. लेकराला तेच तेच पुन्हा विचारू नका. दवाखान्यात न्या, 1098 ला फोन करा. आणि "तू तिथं गेलीच कशाला" हे वाक्य ओठांवर आलं तर गिळा.

'पुढे यात काही आहे का' असंही काहींनी विचारलं. बारावी सायन्सनंतर नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबईला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. सरकारी प्रयोगशाळांत साध्या रसायनशास्त्राच्या, जीवशास्त्राच्या पदवीधरांनाही जागा असतात, पण फार नाहीत. चकचकीत जाहिरातीच्या खासगी कोर्सला वावर गहाण टाकून पैसे भरू नका, आधी मान्यता विचारा. माझ्या वर्गातल्या चाळिसांपैकी एखादाच तिकडे जाईल. बाकीचे शेती करतील, दुकान टाकतील, कधीतरी कुठल्या गर्दीत उभे असतील.

येत्या शनिवारी मुलं घरातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन यायची आहेत, प्रत्येकाची संमती विचारून. कागद वर्गात दाखवून झाले की ज्याचे त्याला परत मिळतील. हात साबणाने धुऊन, कोरडे करून बसा. स्टीलच्या पेल्यावर काळी भुकटी दिसली तर ओरडू नका, राखेने निघते. आणि आजीचा अंगठा उठला नाही तर करंगळी घ्या. तिच्यावर काम कमी पडलेलं असतं.

तुमची,
विज्ञानाची मॅडम