गडवाटेवरील दिशाफलक आणि त्यांवरील लिखाण

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटा अनेक. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वराहून टोलार खिंडीमार्गे एक, अहिल्यानगर जिल्ह्यातील पाचनईहून दुसरी, आणि अनुभवी गिर्यारोहकांनीच धरावी अशी नळीची वाट. पावसाळ्यात पठारावर धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. पश्चिमेस तर कोकणकडा एकाएकी तुटलेला. अशा जागी फाट्यावरील फलकाचा बाण स्पष्ट दिसणे हा जीविताचा प्रश्न ठरतो.

नेमक्या याच फलकांवर लिहिण्याचा मोह पर्यटकांना आवरत नाही. लोखंडी पत्र्यावर खिळ्याने वा किल्लीने कोरलेले नाव रंगाचा थर तोडते, उघड्या पत्र्यावर एका पावसाळ्यात गंज चढतो, आणि पुढच्या वर्षी नावासह बाणही जातो. खडकावर रंगविलेल्या बाणांची तऱ्हा निराळी. एखादी मंडळी आपल्या सहलीपुरते बाण काढते, ते पुसत मात्र नाही; मग एकाच फाट्यावर दोन दिशांचे बाण उभे राहतात.

तथापि फलकावरील सारेच लिखाण एका मापाने मोजू नये. नावे आणि बदामाची चित्रे हा शुद्ध उपद्रव होय. परंतु ‘ही वाट बंद आहे’, ‘टाक्यात पाणी नाही’ अशा आशयाची अक्षरेही कोणी खडूने वा कोळशाने लिहून ठेवतो. ती लिहिणाऱ्याने आपली फसगत पुढच्याची होऊ नये एवढ्याचसाठी लिहिलेली असतात. तक्रार कोठे करावी हे फलकावर नसल्याने त्याने फलकालाच तक्रारवही केले. म्हणून फलक पुन्हा रंगविण्यापूर्वी त्यावरील मजकूर उतरवून घ्यावा व जागेवर पडताळून पाहावा.

कायद्याचा आधार आहे, पण अपुरा. केंद्र संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण केल्यास 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अभयारण्याच्या सीमाचिन्हांना संरक्षण देतो. रानातील फाट्यावरचा साधा बाण या तरतुदींत सहज बसत नाही. शिवाय तो वनखात्याने लावला, ग्रामपंचायतीने की एखाद्या दुर्गप्रेमी मंडळाने, हेच पुष्कळदा त्यावरून कळत नाही. धनी नसलेल्या फलकाची डागडुजी कोण करणार?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांपैकी राजगड, लोहगड, साल्हेर यांसह 11 महाराष्ट्रात आहेत. हरिश्चंद्रगड त्या यादीत नाही, तरी वाट न जाणणारा पाहुणा सर्वत्रच वाढणार. गावकऱ्यांना फलकाची गरज नसते, त्यामुळे तो पडला तरी त्यांच्या ध्यानी येत नाही, ही अडचण पंचायत सदस्यांनी ओळखावी. प्रत्येक फलकावर क्रमांक, लावल्याचे वर्ष व कळविण्याचा पत्ता असावा. अंतर किलोमीटरऐवजी चालण्याच्या वेळेत द्यावे; स्वित्झर्लंडमधील पायवाटांवर तशीच प्रथा आहे. चढणीच्या दोन किलोमीटरांना किती वेळ लागेल, हे नवख्याला उमगत नाही. मे महिन्यात व पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, अशा वर्षातून दोन फेऱ्या पुरेत. ऑक्टोबरची फेरी शाळेच्या क्षेत्रभेटीला जोडता येईल. मात्र मुलांना कड्यालगतच्या फाट्यांवर नेऊ नये, ते फलक वनरक्षकानेच पाहावेत.