हरित इमारत आणि तिचे प्रमाणपत्र

जयपूर येथील हवामहल सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ साली बांधविला. त्याच्या ९५३ लहान खिडक्यांची प्रवासी वाखाणणी करतात ती सौंदर्यासाठी; परंतु जाळीतून उन्हाची प्रखरता गाळली जाते आणि वाऱ्यास वाट मिळते, हा गुण अधिक मोलाचा आहे. पुढे वातानुकूलन यंत्रे आली आणि व्यापारी इमारती बांधणाऱ्यांना त्याचा विसर पडला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरातही काचेच्या दर्शनी भिंती उभ्या राहिल्या. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत शिरतो. आतील वस्तू तापून जी उष्णता बाहेर टाकतात, तिला मात्र काच अडवून धरते. ती घालविण्यासाठी मग दिवसभर वीज जाळावी लागते.

येथे एक व्यावहारिक पेच उत्पन्न होतो. जो इमारत बांधतो तो बहुधा विजेचे देयक भरीत नाही. ते भाडेकरू भरतो. छतावर उष्णतारोधक थर घालण्याचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा! शिवाय भिंतीच्या आत काय आहे, हे जागा पाहावयास आलेल्यास दिसत नाही, आणि केवळ मालकाच्या शब्दावर विसंबून कोणी अधिक भाडे देईल, हे संभवत नाही. प्रमाणपत्राचा खरा उपयोग या ठिकाणी आहे. न दिसणारा गुण त्रयस्थ संस्था तपासते, त्यामुळे मालकास तो भाडेकरूपुढे आणि कर्ज देणाऱ्या बँकेपुढे मांडता येतो.

भारतात हे काम करणारी भारतीय हरित इमारत परिषद २००१ साली स्थापन झाली. ‘गृह’ ही दुसरी पद्धती एक ते पाच तारे देते. जागेची निवड, पाणी, वीज, बांधकाम-साहित्य आणि आतील हवा या सर्वांचे गुण मोजले जातात.

पैकी पाण्याचे गुण जयपूरकरांनी विशेष लक्षात घ्यावेत असे आहेत. ज्या रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. आता शहराची तहान शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बीसलपूर धरणावर भागते. सांडपाणी शुद्ध करून शौचालयांना व बागेला पुरविणाऱ्या इमारतीस टँकरची वाट तितकीशी पाहावी लागत नाही.

शहराजवळ कूकस येथे २००८ साली पूर्ण झालेली पर्ल अकादमीची वास्तू या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती शैक्षणिक असली तरी तिचा धडा दुकाने व कार्यालये यांनाही लागू पडतो. बाहेरील भिंतीपासून काही अंतरावर जाळीचे दुसरे आवरण उभे केले आहे, आणि खालच्या भागात, जुन्या बावडीप्रमाणे जमिनीत उतरून, पाण्याच्या सान्निध्यात गारवा साधला आहे.

तथापि प्रमाणपत्र पुष्कळदा आराखड्यावरून व अंदाजित वापरावरून मिळते. पुढे यंत्रांची निगा राखली नाही, किंवा भाडेकरूने खिडक्या झाकून दिवे लावले, तर अंदाज कागदावरच राहतो. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कार्यालयांसाठी सुरू केलेली तारांकन योजना म्हणूनच अधिक कठोर वाटते. तीत कार्यालयाने दर चौरस मीटरमागे वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट वीज वापरली हे पाहूनच तारे ठरतात.