जबड्याच्या स्नायूंचे दुखणे आणि सुईचे उपचार

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब किंवा त्याच्या परिसरातील कोणत्याही गावी "जबडा दुखतो, तोंड उघडत नाही" अशी तक्रार घेऊन आलेला रुग्ण बहुधा इंजेक्शनच मागतो. ही मागणी सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही, कारण या दुखण्यावर सुईने करावयाचे उपचार खरोखरच उपलब्ध आहेत. मात्र त्यांचे मोल सारखे नाही, आणि दुखण्याचे कारण निश्चित झाल्यावाचून त्यांपैकी एकही करावयाचा नाही.

चर्वणाचा मुख्य स्नायू गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोनापर्यंत असतो. दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. झोपेत दात खाणे, दिवसा दात आवळून धरणे, मनावरील ताण यांच्याशी या स्नायूंच्या दुखण्याचा संबंध दिसतो. स्नायूत एखादी ताठर जागा तयार होते. ती दाबली असता वेदना डोक्यात, कानात किंवा दाढेत जाते. दाढ निर्दोष असताना ती काढण्याची पाळी येते ती यामुळेच.

अशा जागी लिडोकेनसारखे बधिर करणारे औषध टोचतात. आराम काही मिनिटांत पडतो आणि औषधाचा अंमल काही तासांत ओसरल्यावरही पुष्कळदा टिकतो. मग गुण औषधाचा की सुईचा? १९८० साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी शरीराच्या स्नायूंच्या अशाच दुखण्यावर बधिर करणारे औषध व साधे मिठाचे पाणी यांची तुलना 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. त्यात मिठाचे पाणी मुळीच कमी पडले नाही. औषधाविना नुसती बारीक सुई टोचण्याची पद्धतही याच तर्कावर उभी आहे.

बोटुलिनम विषाचे इंजेक्शन निराळ्या रीतीने काम करते. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश ते रोखते. परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो व साधारणतः तीन ते चार महिने राहतो. पुढे पुन्हा टोचावे लागते. खर्च हजारोंच्या घरात जातो. चावण्याची शक्ती कमी होणे, हसू वाकडे दिसणे, स्नायू रोडावणे हे त्याचे दोष. इतके करूनही, खोट्या इंजेक्शनशी तुलना केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. स्टिरॉइडचे स्थान असलेच तर सांध्यात आहे. स्नायूत ते वारंवार टोचल्यास स्नायू झिजण्याचा धोका असतो. २०२३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालील व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार व मनोवर्तनात्मक उपचार यांची जोरदार शिफारस आहे. वर वर्णिलेली इंजेक्शने सर्वसाधारणपणे देऊ नयेत, असाच त्यांचा कल आहे.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ दिवसभर गालात धरल्याने तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतू साचतात. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. येथे तोंड उघडत नाही ते स्नायूमुळे नव्हे. तिखट लागताच आग होते, गालाचे अस्तर पांढुरके पडते, आत हाताला कठीण पट्टे लागतात. यावरही गालात स्टिरॉइड व हायलुरोनिडेज यांची इंजेक्शने देतात, पण खर्रा सुरू राहिल्यास त्यांचा उपयोग टिकत नाही. शिवाय हा विकार कर्करोगाकडे वळू शकतो. अशा रुग्णाच्या गालाबाहेर वेदनाशामक सुया टोचत बसणे म्हणजे मोलाचे महिने गमावणे होय.

एक साधी पाहणी शिक्षकही करू शकतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, हे मुलाने पाहावे. मावत नसतील तर त्याला दंतवैद्याकडे पाठवावे. जखमेनंतर जबडा आवळला, गिळणे जड झाले, तर धनुर्वाताचा संशय धरून घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. श्रमाबरोबर जबड्यात येणारी व छातीतही जाणवणारी कळ हृदयाची असू शकते.

केवळ स्नायूचेच दुखणे असेल, तर काही आठवडे मऊ आहार, कोमट शेक, दात सुटे ठेवण्याची सवय आणि शिकवून घेतलेले व्यायाम यांनी पुष्कळ रुग्णांना बरे वाटते. न वाटल्यास यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय येथे जावे, आणि आधी कोणती इंजेक्शने किती वेळा घेतली त्याचे कागद बरोबर न्यावेत.