चालण्याआधी लिहा

आपल्या द्रोणागिरी डोंगराची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. मारुतीराय पर्वत घेऊन चालले होते. त्याचा एक तुकडा इथे करंजाजवळ पडला, असे म्हातारी माणसे सांगतात. मारुतीरायांना मुक्काम ठरवावे लागले नाहीत. ते उडत गेले. आपल्याला पायी जायचे असते. पायी जाणाऱ्याने वाट आधी ठरवावी.

चैत्र आला की आपल्या आगरी-कोळी गावांतून पालख्या निघतात. कार्ल्याच्या एकवीरा आईला जायचे. चैत्र शुद्ध सप्तमीला तिथे मोठी यात्रा भरते. उरणपासून कार्ला सुमारे ८७ किलोमीटर. श्रद्धा असली की पाय चालतात, हे खरे. पण ऊन कुणाची श्रद्धा पाहत नाही.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही २३ जण निघालो. मी शाळेचा हेडमास्तर, म्हणून पुढारीपण माझ्याकडे. मी म्हणालो, “पहिल्या दिवशी थेट पनवेल गाठू. पाय ताजे असतात.” उरण ते पनवेल सुमारे २८ किलोमीटर. निघायलाच सात वाजले. अकरा वाजता डांबर तापले. शेजारून कंटेनरच्या गाड्या धडधडत जात होत्या. तरणी पोरे पुढे गेली. म्हातारी माणसे मागे राहिली.

आमच्या आळीतल्या एक काकी सर्वांत मागे होत्या. दुपारी त्या बरळू लागल्या आणि रस्त्याच्या कडेला कोसळल्या. अंग तव्यासारखे तापले होते. सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले, पदराने वारा घातला, गाडी करून दवाखान्यात पोचवले. दोन दिवसांनी त्या उठून बसल्या. आईची कृपा.

मी विचारले, “काकी, पाणी तर बरोबर होते. प्यायला का नाहीत?”

काकी म्हणाल्या, “गुरुजी, पानी पिऊन जायाचं कुठं? बाप्ये कुठंबी आडोशाला जातात. बाईमानसानं भर रस्त्यात काय करायचं? म्हनून मी सकाळपासून घोटभरच पानी प्यायले.”

माझी मान खाली गेली. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. बरोबर नऊ बाया होत्या. मी एकीलाही विचारले नव्हते.

पुढच्या वर्षी काकी साक्षरता वर्गात येऊ लागल्या. चैत्राच्या आधी त्यांनी स्वतः वही घातली. तशी वही तुम्हीही घाला. तिच्यात काय लिहायचे ते पाहा.

१. मुक्काम. हिशेब सोपा आहे. सर्वांत हळू चालणारे माणूस तासाला तीन किलोमीटर चालते. मजल त्याच्या पायांनी मोजा, तरण्या पोराच्या नव्हे. पहिली मजल लहान ठेवा, कारण पाय अजून तयार नसतात. काकींनी असे लिहिले :

पहिला दिवस : उरण ते जासई, सुमारे १२ किलोमीटर.
दुसरा दिवस : जासई ते पनवेल, सुमारे १६.
तिसरा दिवस : पनवेल ते चौक, सुमारे १८.
चौथा दिवस : चौक ते खोपोली, सुमारे १६.
पाचवा दिवस : खोपोली ते लोणावळा, घाटाने, सुमारे १५.
सहावा दिवस : लोणावळा ते कार्ला, सुमारे १०.

पाहा, १२ ला ३ ने भागले की ४ तास. अर्धा तास विसाव्याचा धरा. साडेपाचला निघालात तर दहा वाजता सावलीत बसाल. १८ किलोमीटरला ६ तास लागतात. त्या दिवशी साडेचारला निघा. उरलेली वाट संध्याकाळवर ढकलायची असेल, तर तेही आधीच ठरवा.

२. पाणी, सावली आणि संडास. दर मजलीत पाणी कुठे मिळेल, मोठे झाड किंवा देऊळ कुठे आहे, ते लिहा. बायांसाठी संडास कुठे आहे, हेही लिहा. शाळा, पेट्रोल पंप, एसटी स्थानक, ओळखीचे घर, जे असेल ते आधी जाऊन विचारून या. ही ओळ वहीत नसेल तर बाया पाणी पिणार नाहीत, हे विसरू नका.

३. रस्ता. मैलाचा दगड वाचा. त्याचे डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवे असेल तर राज्य महामार्ग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदी आहे. आपण जुन्या रस्त्याने जायचे. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे, एका रांगेत चाला. अंधारात पुढे एक बॅटरी आणि मागे एक बॅटरी हवी. कपडे पांढरे हवेत. बोरघाट मात्र उजेडातच चढा. वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली, त्याचे हे देऊळ, असे सांगतात. तिथे दोन घटका टेका.

४. औषध. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. घामाने गळालेल्याला हे पाणी घोट-घोट द्या. पण कुणाचे अंग फार तापले, माणूस बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर १०८ नंबरला फोन करा. तोवर सावलीत निजवा, अंग ओले करा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

५. नावे. सर्वांची नावे आणि घरचा फोन लिहा. दर विसाव्याला नावे वाचा. एक खंबीर माणूस शेवटी ठेवा. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये.

आपल्या शेजारच्या पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. तिथे १८९५ साली विनोबा भावे जन्मले. १९५१ साली पोचमपल्लीला त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. पुढे तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले. ते पहाटे निघत. मजल बेताची, पण रोजची. एवढा देश असाच चालून झाला.

त्या वर्षी आमची २३ ची २३ माणसे कार्ल्याच्या पायऱ्या चढली. काकी सर्वांत पुढे होत्या. आईसमोर त्यांनी नारळ ठेवला आणि शेजारी वही ठेवली.

अभ्यास

१. काकींनी पाणी का प्यायले नाही?
२. मजल २१ किलोमीटरची आहे. तासाला ३ किलोमीटर चालले तर किती तास लागतील?
३. तुमच्या गावापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर पाणी, सावली आणि बायांसाठी संडास कुठे आहे? वहीत लिहा. नसेल तर ‘नाही’ असे लिहा आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा.