बाप्तिस्मा झाला, मग कन्फर्मेशन कशाला?

प्रश्न : माझ्या मैत्रिणीची नात इंग्लंडमध्ये असते. तान्ही असतानाच तिचा अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता. आता चौदाव्या वर्षी बिशपांच्या हस्ते तिचं कन्फर्मेशन झालं. मग इतकी वर्षं ती चर्चची सभासद नव्हती का? की हे आपल्या मुंजीसारखं काही आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ती सभासद होती, अगदी बाप्तिस्म्याच्या दिवसापासून. चर्चमध्ये प्रवेश होतो तो बाप्तिस्म्यानेच, आणि तो आयुष्यात एकदाच होतो. पण तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. देवावर विश्वास ठेवण्याची, वाइटाकडे पाठ फिरवण्याची वचनं तिच्या वतीने धर्ममातापित्यांनी दिलेली असतात. जाणत्या वयात तीच वचनं स्वतःच्या तोंडाने देणं, हा कन्फर्मेशनचा अर्धा भाग. उरलेला अर्धा तिच्या हातात नसतो. ती बिशपांपुढे गुडघे टेकते, ते तिच्या डोक्यावर हात ठेवतात आणि पवित्र आत्म्याने तिला बळ द्यावं म्हणून प्रार्थना करतात. मराठीत याला दृढीकरण म्हणतात. शब्द नेमका आहे, कारण आधी मिळालेलंच इथे पक्कं होतं.

बिशपच का? बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा आधी झालेला आहे, मग पेत्र आणि योहान हे प्रेषित यरुशलेमहून येऊन त्यांच्यावर हात ठेवतात. बिशप हे प्रेषितांचे वारस मानले जातात, म्हणून हे काम त्यांच्याकडे. पुढे गावोगावी चर्च झाली. बाप्तिस्मा स्थानिक धर्मगुरू देऊ लागले आणि हात ठेवण्यासाठी बिशपांची वाट पाहणं आलं. वाट पाहता पाहता लोक हयगय करू लागले. त्याला आळा घालायला १२८१ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जॉन पेकम यांनी नियम केला : कन्फर्मेशन नाही, तर प्रभुभोजन (उपासनेतली पवित्र भाकर आणि द्राक्षारस) नाही.

१६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने हा नियम ठेवला, पण एक वाटही मोकळी ठेवली. कन्फर्मेशन झालेलं नसलं, तरी ज्याची ते घेण्याची तयारी आणि इच्छा आहे त्यालाही प्रभुभोजन घेता येईल. या सवलतीचं मोल आपल्या मुंबईत कळतं. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी उघडलं १७१८ मध्ये, आणि मुंबईला स्वतःचे बिशप, थॉमस कार, मिळाले १८३७ मध्ये. मधल्या काळात इथे वाढलेल्या अँग्लिकन मुलामुलींच्या डोक्यावर हात ठेवायला शहरात बिशपच नव्हते. पण तेवढ्यावरून त्यांना कोणी चर्चबाहेरचं मानलं नाही.

आता मुंजीविषयी. आधीची शिकवणी आणि कळतं वय यांमुळे साम्य वाटणं साहजिक आहे. मात्र कन्फर्मेशनला ठरावीक वय नाही. मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि सत्तरीतल्या आजीही पुढे येऊ शकतात.

राहिला नावनोंदणीचा भाग. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीची, मतदारयादी असते. बाप्तिस्मा झालेला हवा, वय किमान १६ हवं, आणि राहणं त्या पॅरिशमध्ये हवं किंवा सहा महिने तिथल्या उपासनेला नियमित येणं हवं. वार्षिक सभेत मत देण्यासाठी एवढं पुरतं. कन्फर्मेशनची अट नाही. बिशपांनी परवानगी दिली असेल तिथे आता लहान मुलांनाही कन्फर्मेशनआधी प्रभुभोजन मिळतं. पुरोहितदीक्षा घ्यायची असेल, तर मात्र कन्फर्मेशन लागतंच.

मग त्याचं महत्त्व घटलं का? मला उलट वाटतं. कशाचाही परवाना म्हणून ते घ्यावं लागत नाही, तेव्हा त्यातला होकार अधिक खरा होतो.

जुन्या प्रार्थनापुस्तकातली कन्फर्मेशनची शिकवणी याच सदरासारखी प्रश्नोत्तरांत आहे. पहिला प्रश्न मुलाला त्याचं नाव विचारतो. दुसरा विचारतो, हे नाव तुला दिलं कोणी? तिसरा, नाव देणाऱ्यांनी तुझ्यासाठी काय केलं? तिन्ही उत्तरं इतरांनी दिलेल्या गोष्टींची आहेत. चौथा प्रश्न थेट मुलाकडे वळतो : त्यांनी दिलेली वचनं पाळायला तू बांधलेला आहेस, असं तुला वाटतं ना?

तुमच्या मैत्रिणीच्या नातीने बिशपांपुढे ‘हो’ म्हटलं, ते या चौथ्या प्रश्नाला.