थंडीतून उमललेली फुले
ईस्टरच्या सकाळी रोममधील संत पेत्र चौकात मांडलेली फुले आपण टीव्हीवर पाहतो. त्यांत ट्युलिप, डॅफोडिल आणि सुवासिक हायसिंथ असतात. 1985 साली हॉलंडचे धर्मगुरू टायटस ब्रँडस्मा यांना धन्यवादित घोषित केले गेले, तेव्हा त्यांच्या देशबांधवांनी फुलांची सजावट केली. पुढे ईस्टरला हॉलंडची फुले पाठवण्याची प्रथा पडली.

ही फुले कांद्यापासून येतात. हॉलंडमध्ये हायसिंथचा कांदा ऑक्टोबरच्या सुमारास जमिनीत लावतात. तेव्हाच त्याच्या पोटात कळी तयार असते. पण दोन-तीन महिने थंडी सोसल्याशिवाय तिचा दांडा नीट वाढत नाही. म्हणूनच आपल्या उबदार हवेत हायसिंथ सहसा फुलत नाही.

फादर टायटस 1942 साली डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. 2022 साली ते संत झाले. ईस्टरच्या चौकातली ही कांद्याची फुलेही थंडी सोसूनच उमललेली असतात.

आपल्या घरातही कुणी दुःखाने मिटून बसलेले असते. त्याला उकरून पाहण्याची घाई आम्ही सारेच करतो. त्यापेक्षा जवळ राहू या आणि वाट पाहू या. कळी आत असतेच.